येरवडा ते कौन्सिल हॉल : हिटलरच्या काळातला पुण्याचा एक पुढारी

अप्पा बळवंत चौकातून जाताना पुस्तकांच्या दुकानांत आणि पदपथावरच्या पथाऱ्यांवर एक पुस्तक हमखास दिसते. हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद. स्पर्धा परीक्षांच्या गाईडांच्या शेजारी, 'यशस्वी कसे व्हाल' छापाच्या पुस्तकांच्या रांगेत तो मांडलेला असतो. विकत घेणारे बहुतेक वीस-बावीस वर्षांचे. त्यांत आपलीही मुले आहेत. आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या मुलांच्या पिशवीत आम्ही ते पाहिले आहे.

एकदा त्यावरून वर्गात बोलणे निघाले. एक मुलगा म्हणाला, "दादा, वाईट होता हे मान्य, पण देशाला कडक माणूस लागतोच." दुसऱ्या मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. "हिटलर तिकडे सत्तेवर होता तेव्हा आपली माणसं इथं पुण्यात काय करत होती?"

बाबासाहेब काय करत होते ते आम्ही लगेच सांगितले. पण पुण्यात कोण होते? पेठांतल्या, कॅम्पातल्या, येरवड्याच्या आपल्या वस्त्यांचा पुढारी कोण होता, त्याने त्या बारा वर्षांत कोणते निर्णय घेतले? वर्गात शांतता पसरली. आम्हालाही नीट सांगता आले नाही. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तराचे नाव पांडुरंग नाथूजी राजभोज.

गाव छोटे, प्रश्न मोठा

आधी थोडे तिकडचे. हिटलर जन्माने जर्मन नव्हे, ऑस्ट्रियन. जर्मनीच्या सीमेवरच्या ब्राउनाउ या छोट्या गावात २० एप्रिल १८८९ रोजी तो जन्मला. ३० जानेवारी १९३३ ला तो जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि १२ मार्च १९३८ ला त्याचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. १० एप्रिलला 'सार्वमत' घेतले गेले. मतपत्रिकेवर 'होय'चे वर्तुळ मोठे आणि 'नाही'चे छोटे होते. ज्यूंना मतदानाचा हक्कच ठेवला नव्हता. निकाल ९९ टक्क्यांच्या वर 'होय' असा लागला.

या काळात ऑस्ट्रियातल्या छोट्या गावच्या पुढाऱ्याची अवस्था काय झाली असेल? कालपर्यंत तो नगराध्यक्ष किंवा नगरसेवक होता. लोक त्याला दिवाबत्ती, पाणी, शाळेचे छप्पर यांसाठी भेटत होते. मग निवडून आलेली मंडळेच गेली. जर्मनीत १९३५ मध्ये केलेला नगरपालिका कायदा १९३८ मध्ये ऑस्ट्रियालाही लावला गेला. त्या कायद्यात नगराध्यक्ष निवडून येत नाही, वरून नेमला जातो, आणि नेमणुकीत पक्षाचा शब्द चालतो. जे आडवे येतील असे वाटले त्यांची रवानगी छळछावणीत झाली. १ एप्रिल १९३८ ला, म्हणजे सार्वमताच्याही आधी, व्हिएन्नाहून दाखाउच्या छावणीकडे कैद्यांची पहिली मोठी तुकडी गेली. तीत व्हिएन्नाचे महापौर रिचर्ड श्मिट्झ होते आणि शेतकरी संघटनेचे पुढारी लिओपोल्ड फिगल होते. फिगल जगले आणि १९४५ नंतर ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर झाले.

पण बहुतेक स्थानिक पुढारी ना दाखाउला गेले, ना फार वर चढले. कोणी पक्षाचा बिल्ला लावला, कोणी गप्प घरी बसला, कोणी शेजारचे ज्यू दुकान बळकावले जात असताना नजर दुसरीकडे वळवली. ज्यूंचा छळ बर्लिनच्या हुकमाने झाला हे खरे. पण मतदारयादीतून नाव गाळणारा, दुकानावर खूण करणारा, दाखला नाकारणारा माणूस गावातलाच होता. हुकूमशाही वरून येते आणि खाली गावपातळीवर राबवली जाते. म्हणून तिचा अभ्यास करताना गावचा पुढारी पाहावा लागतो.

त्या वेळचे पुणे

पुण्यावर नाझींचे राज्य नव्हते, इंग्रजांचे होते. पण नाझी आणि फॅसिस्ट विचारांचे चाहते इथे होते. इटालियन संशोधक मार्झिया कॅसोलारी यांनी २००० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याचे पुरावे मांडले. १९२० आणि १९३० च्या दशकांत 'केसरी'त इटलीतल्या फॅसिस्ट राजवटीचे कौतुक करणारे लेख येत होते, हे त्यांनी दाखवले. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना डॉ. बा. शि. मुंजे इटलीला गेले आणि १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. त्याच परिषदेत बाबासाहेब अस्पृश्यांचे हक्क मागत होते. परिषद एकच होती. एकाने तिथून समतेची मागणी अधिक धारदार केली, दुसरा फॅसिस्ट युवक संघटना पाहायला गेला.

१ ऑगस्ट १९३८ रोजी पुण्याच्या जाहीर सभेत सावरकरांनी जर्मनीला नाझीवाद आणि इटलीला फॅसिझम स्वीकारण्याचा अधिकार आहे, त्यांना काय योग्य ते आपण सांगू नये, अशी भूमिका मांडली. ऑस्ट्रिया गिळून तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.

विचार हवेत राहत नाहीत. २५ जून १९३४ रोजी पुणे नगरपालिकेने गांधीजींना मानपत्र द्यायचे ठरवले होते. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरोधी दौऱ्यावर होते. समारंभाच्या ठिकाणी बॉम्ब फेकला गेला. गांधीजी वाचले, इतर काही जण जखमी झाले. अस्पृश्यतेविरुद्ध बाबासाहेबांच्या तुलनेने कितीतरी मवाळ बोलणाऱ्या माणसाची ही गत झाली. मग त्या गावात खुद्द अस्पृश्य समाजातून आलेल्या पुढाऱ्याने कसे वागायचे?

पर्वतीच्या पायऱ्या

राजभोज मूळचे पुण्याचे नव्हेत. १५ मार्च १९०५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कनाशी गावी चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. इथे त्यांच्या आधी जमीन नांगरून ठेवणारे होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढला होता आणि अस्पृश्यांच्या लष्करभरतीसाठी, शिक्षणासाठी अर्जामागून अर्ज केले होते. राजभोज त्या परंपरेतले पुढचे. त्यांनी 'दलित बंधू' हे पत्र चालवले, सभा घेतल्या, वस्त्यांत माणसे जोडली.

१३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचा मंदिरप्रवेश सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज पुढे होते. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, काकासाहेब गाडगीळ असे काही सवर्ण तरुणही सोबत होते. पायऱ्यांवर सत्याग्रहींना जमावाने झोडपले, दगड मारले. राजभोज जखमी झाले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, आज आमच्या अभ्यासवर्गात बसणाऱ्या मुलांच्या वयाचे. पुढच्या वर्षी नाशिकच्या काळाराम सत्याग्रहातही ते उतरले.

आज पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहत आहे, दांडेकर पुलाची वस्ती आहे. हजारो आंबेडकरी कुटुंबे तिथे राहतात. व्यायामाला रोज सकाळी त्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या दगडी पायऱ्यांवर आपल्या माणसांचे रक्त सांडले आहे?

येरवड्याची सही

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले. पुढे काय झाले ते आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. अस्पृश्य मतदारांनी आधी प्राथमिक निवडणुकीत चार जण निवडायचे आणि त्या चौघांतून एकाला अंतिम निवडणुकीत सगळ्या जातींच्या मतदारांनी निवडायचे, अशी पद्धत ठरली.

त्या करारावर पांडुरंग राजभोज यांचीही सही आहे.

इथे आमच्यातले काही कार्यकर्ते तोंड वाकडे करतील. त्यांनी थोडे थांबावे. सही बाबासाहेबांचीही आहे. उपोषणात गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर खेडोपाडी अस्पृश्यांच्या वस्त्यांवर काय कोसळले असते, याची कल्पना त्या खोलीतल्या प्रत्येकाला होती. राजभोज तर पुण्यातच राहणारे. तीन वर्षांपूर्वी पर्वतीवर दगड खाल्लेला माणूस गावाचा राग म्हणजे काय ते पुस्तकातून शिकलेला नव्हता.

पण सहीनंतरची वाट दोघांची वेगळी झाली, हेही सांगितले पाहिजे. बाबासाहेब काँग्रेसपासून दूर गेले. राजभोज १९३० च्या दशकात काही काळ काँग्रेस आणि गांधीजींच्या हरिजन कार्याच्या जवळ राहिले. राजभोजांच्या या येण्याजाण्याची नोंद एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली आहे. चर्मकार आणि महार पुढाऱ्यांतले अंतर हा त्या काळच्या राजकारणाचा एक भाग होता, आणि काँग्रेसने त्याचा उपयोगही करून घेतला. या अंतराला आपणही जबाबदार होतो का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. चळवळ महारांची, असे इतर अस्पृश्य जातींना वाटू देण्यात आपला काहीच वाटा नव्हता, असे आम्हाला म्हणवत नाही.

अठ्ठावीस दिवसांचे अंतर

१५ सप्टेंबर १९३५ ला जर्मनीत न्यूरेंबर्ग कायदे झाले. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले गेले, ज्यू आणि जर्मन यांच्यातल्या विवाहाला गुन्हा ठरवले गेले. बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

एका देशात रक्ताच्या शुद्धीचा नवा कायदा लिहिला जात होता. दुसऱ्या देशात जुन्या कायद्यातून बाहेर पडण्याची घोषणा होत होती. पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी, जेवण वेगळे, लग्न बंद, धंदा ठरवून दिलेला : न्यूरेंबर्गच्या कायद्यांत जे नवे म्हणून आले त्यातले पुष्कळसे आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान् पिढ्या भोगले होते. ही तुलना आज आम्ही जुळवलेली नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९४० च्या दशकातल्या लेखनात नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांबाबतचा सनातनी व्यवहार यांना विचाराच्या आणि परिणामाच्या दृष्टीने एकाच माळेत ओवले. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज'मध्ये त्यांनी आर्य वंशाच्या सिद्धान्तालाच आव्हान दिले. नाझींचे सारे राजकारण ज्या 'आर्य' शब्दावर उभे होते, त्याच्या मुळावर त्यांनी घाव घातला. हिटलरचे पुस्तक विकत घेणाऱ्या मुलांनी हेही पुस्तक शेजारी ठेवून वाचावे. हिटलरच्या प्रतवारीत आपण कुठे बसलो असतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

१९४२ : बाजू घेण्याचे वर्ष

१८ ते २० जुलै १९४२ ला नागपुरात अधिवेशन भरले आणि अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज आणि सरचिटणीस पुण्याचे पां. ना. राजभोज. महारांची म्हणून हिणवल्या जाणाऱ्या चळवळीच्या देशव्यापी संघटनेचा सरचिटणीस चर्मकार समाजातला होता, ही गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी.

याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांची भूमिका स्पष्ट होती. इंग्रजांशी आपला झगडा आहेच, पण नाझी आणि जपानी विजय झाला तर झगडण्याची जागाच उरणार नाही. १९४१ मध्ये महार बटालियन पुन्हा उभी राहिली होती आणि आपली मुले सैन्यात जात होती. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' सुरू झाले. गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. शहर पेटलेले होते. अशा वातावरणात फेडरेशनचा माणूस म्हणून पुण्यात वावरणे सोपे नव्हते. 'इंग्रजांचे हस्तक' हा शिक्का तयारच होता. काही जणांना शत्रूचा शत्रू म्हणून हिटलर जवळचा वाटत होता. या गर्दीच्या विरुद्ध दिशेने चालणारी संघटना राजभोज सांभाळत होते.

१८ जानेवारी १९४३ ला बाबासाहेब पुण्यात आले. डेक्कन सभेने न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त गोखले मेमोरियल हॉलमध्ये त्यांचे व्याख्यान ठेवले होते. गांधी आणि जिना यांच्याशी रानड्यांची तुलना करत त्यांनी व्यक्तिपूजेवर कडक टीका केली. थोर माणसाचा आदर करणे वेगळे आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणे वेगळे, असा त्या मांडणीचा आशय होता. जर्मनीत एका माणसाच्या शब्दाला कायदा मानले जात होते आणि त्याचे फळ युरोप भोगत होता. ज्या गावात साडेचार वर्षांपूर्वी नाझीवादाची वकिली झाली होती, त्याच गावात हे व्याख्यान झाले. पुण्याच्या इतिहासात दोन्ही तारखा एकत्र शिकवल्या पाहिजेत.

कौन्सिल हॉल, जुलै १९४६

महायुद्ध संपले, हिटलर संपला. देशात निवडणुका झाल्या. १९३७ मध्ये मुंबई प्रांतातल्या १५ राखीव जागांपैकी ११ जागा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने जिंकल्या होत्या. १९४६ मध्ये त्याच प्रांतात फेडरेशनची एकही जागा आली नाही. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्यांचा कौल एकीकडे आणि अंतिम निवडणुकीत सवर्ण मतांनी विजयी दुसराच, अशी स्थिती ठिकठिकाणी झाली. मग कॅबिनेट मिशनने काँग्रेसच्या राखीव जागांकडे बोट दाखवून फेडरेशनला बाजूला सारले. १६ मे १९४६ च्या योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

तेव्हा फेडरेशनने पुण्याची निवड केली. मुंबई विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. जुलै १९४६ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला. मागणी होती पुणे करार रद्द करा, स्वतंत्र मतदारसंघ द्या. शेकडो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. सरचिटणीस राजभोज त्यात अग्रभागी होते.

१९३२ मध्ये नदीपलीकडे येरवड्यात झालेल्या करारावर ज्यांनी सही केली, त्याच राजभोजांनी चौदा वर्षांनी, नदीअलीकडे काही किलोमीटरवर, त्याच कराराविरुद्ध सत्याग्रह केला. बाबासाहेबांचेही तेच. दोघांनी दबावाखाली झालेला करार राबवून पाहिला, त्याचे फळ तपासले, आणि तो चुकला हे लोकांसमोर सांगितले. आपली सही चुकली असे म्हणायला पुढाऱ्याला किती धैर्य लागते, ते आजचे राजकारण पाहणाऱ्याला कळेल.

तुलना जपून करायची असते. पुण्यात छळछावणी नव्हती. राजभोजांना ऑस्ट्रियातल्या विरोधकांसारखा प्राणाचा धोका रोज नव्हता. पण प्रश्नाचे मूळ एकच आहे : स्थानिक पुढारी कोणाला जबाबदार? नाझी ऑस्ट्रियात नगराध्यक्ष वरच्या पक्षाला जबाबदार झाला आणि गावातल्या सर्वांत दुबळ्या लोकांचा वाली उरला नाही. पुणे कराराने निवडून आलेला राखीव जागेवरचा आमदार ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांना जबाबदार राहिला नाही. दोन्ही ठिकाणी खुर्ची भरलेली होती आणि त्या खुर्चीवर बसलेल्याला तुमची गरज नव्हती.

नंतरचे आयुष्य

मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले तेव्हा राजभोज सोबत होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी केला. फेडरेशनचे देशभरातून दोनच खासदार निवडून आले. त्यातले एक सोलापूरचे राजभोज.

पुढे ते पुन्हा काँग्रेसमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोहोचले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या शेवटामुळे आपण त्यांना विसरलो. आपल्याकडे माणसाचे दोनच कप्पे असतात, निष्ठावंत आणि गद्दार. शेवटी काँग्रेसमध्ये गेला म्हणजे पर्वतीवरचा दगडही खोटा, नागपूरचे सरचिटणीसपदही खोटे, १९४६ चा तुरुंगही खोटा. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये जी व्यक्तिपूजा नको म्हणून सांगितली, तिचीच ही दुसरी बाजू आहे. माणसाला देव करणारा समाज दुसऱ्या माणसाला तितक्याच सहज पुसून टाकतो. राजभोजांचे पक्षांतर आम्हाला पटत नाही. पण १९२९ ते १९४६ या काळात पुण्यात समतेच्या बाजूने कोण उभे होते, असे विचारले तर त्यांचे नाव घ्यावेच लागेल.

आजचे पुणे

आता इथल्या महापालिकेकडे येऊ. १४ मार्च २०२२ ला पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरावर प्रशासक होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. प्रशासकाचा काळ म्हणजे हुकूमशाही असे आम्ही म्हणत नाही. पण इतका काळ शहराला नगरसेवक नव्हता आणि त्याबद्दल फारसा आवाज उठला नाही, याची काळजी वाटते. झोपडपट्टी पुनर्वसन असो, पूररेषेतल्या घरांना नोटीस असो, नाल्यावरची भिंत असो, वस्तीतल्या माणसाने जायचे कोणाकडे? सभागृह नसले की बंगल्यातला माणूस अधिकाऱ्याला फोन करतो. ताडीवाला रोडवरच्या आजीला तेही जमत नाही.

आता सभागृह आले आहे. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग, बहुतेक चार सदस्यांचे. एका प्रभागात सरासरी पाऊण लाखाहून जास्त लोक. इतक्या मोठ्या प्रभागात अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर निवडून यायचे तर पक्षाचे पॅनेल लागते, पैसा लागतो, पॅनेलच्या प्रमुखाची मर्जी लागते. आपल्या वस्तीची मते मिळाली नाहीत तरी चालते. पुणे कराराचा प्रश्न आपल्या प्रभागात असा येऊन बसला आहे. राखीव जागेवरचा नगरसेवक वाईट माणूस असतो असे नाही. तो आपल्याला जबाबदार राहील अशी व्यवस्था नसते, आणि ती आपण उभी केलेली नाही.

म्हणून आम्ही पुण्यातल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे काही कामे ठेवतो.

पहिले. प्रत्येक विहाराने आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना, फक्त राखीव जागेवरच्या नव्हे, दर तीन महिन्यांनी वस्तीत बोलवावे. मागासवर्गीय कल्याणासाठी ठेवलेल्या निधीचा हिशेब विचारावा. उत्तरे फळ्यावर लिहावीत. पुढच्या वेळी त्याच फळ्यापासून सुरुवात करावी. जो येणार नाही त्याचे नावही फळ्यावर राहू द्यावे.

दुसरे. मातंग, चर्मकार, वाल्मीकी वस्त्यांतल्या मंडळांना या बैठकीत बरोबरीने बसवावे. पाहुणे म्हणून नव्हे, यजमान म्हणून. फेडरेशनने १९४२ मध्ये जे केले ते आपल्याला प्रभागात करायला काय हरकत आहे?

तिसरे. १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची घरे पुण्यात अजून आहेत. आजी-आजोबा गेले असतील, पण ट्रंकेत कागद असतील, फोटो असतील, सुनांनी ऐकलेल्या गोष्टी असतील. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. दहा वर्षांनी हे सांगणारे कोणी उरणार नाही.

चौथे. १३ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला येवल्यासाठी माहीत आहे. तीच तारीख १९२९ मध्ये पर्वतीची आहे. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस येतो. पुण्यातून दीक्षाभूमीकडे निघण्याआधी तरुणांनी एकदा पर्वतीच्या पायथ्याशी जमावे. देवदर्शनासाठी नव्हे, आपल्याला त्या देवाची गरज उरलेली नाही. ज्या पायऱ्यांवर माणूस म्हणून चढू दिले नाही, तिथे मार खाल्लेल्यांची नावे मोठ्याने वाचावीत.

ब्राउनाउ गावात, हिटलर जन्मला त्या घरासमोर, १९८९ मध्ये एक दगड उभा केला गेला. तो माउटहाउसेन छळछावणीच्या खाणीतून आणला होता. त्यासाठी पुढाकार घेतला तो गावच्या महापौरांनी, गेरहार्ड स्किबा यांनी. हे काम गावपातळीवरच्या पुढाऱ्याने केले. आपल्या गावात काय विसरायचे नाही, ते त्याने ठरवले.

अभ्यासवर्गातल्या त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग पर्वतीला कधी जायचं?" तारीख वर दिली आहे.

जय भीम.